दूध आणायला निघालेली मुलगी

खाच

जपानमध्ये साध्या दुधाच्या मोठ्या खोक्याला माथ्यावरच्या दुमडीत बहुधा एक अर्धगोल खाच असते. दृष्टिहीन माणसाला बोटानं चाचपून कळावं की हे निव्वळ दूध आहे, म्हणून ही पद्धत २००१ च्या सुमारास रूढ झाली. खोकं उघडायचं ते खाचेच्या विरुद्ध बाजूनं. शेजारी त्याच आकाराच्या खोक्यांत सोयादूध, फळांचा रस, कॉफी घातलेलं दूध असतं. त्यांना खाच नसते.

आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला जपानी वाचता येत नव्हतं. "वरून बोट फिरव, खाच लागली की तेच उचल," एवढी सूचना तिला पुरली. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी केलेली सोय ज्याला वाचता येत नाही त्याच्याही उपयोगी पडली. क्योटोतल्या मुक्कामात मला पुन्हा पुन्हा हेच दिसत गेलं. सगळ्यांत दुबळ्या माणसाचा विचार करून एखादी गोष्ट केली की तिचा आधार इतर कितीतरी जणांना मिळतो.

मुक्काम कुठे असावा

मुलाला एकट्यानं काही आणायला पाठवायचं असेल तर निम्मा निर्णय घर घेतानाच होतो. आम्ही क्योटोच्या उत्तर भागात, देमाची नावाच्या वस्तीत राहिलो. पूर्वेला कामो आणि ताकानो या दोन नद्यांचा संगम. जवळ मासुगाता नावाचा छताखालचा चिंचोळा बाजार: भाजीवाले, मासेवाला, चहापत्तीचं दुकान, जुनी पुस्तकं आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं एक छोटं चित्रपटगृह. आत मोटारी शिरत नाहीत. आमच्या गल्लीतून बाजारात जायला मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता. घर पक्कं करताना आम्ही नकाशावर सर्वांत आधी हेच पाहिलं होतं. स्टेशन किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

या वस्तीला पायी सामान आणण्याचा मोठा इतिहास आहे. वाकासाच्या किनाऱ्यावर मीठ लावलेले बांगड्याच्या जातीचे मासे डोंगरातून पायी वाहून क्योटोत आणत, ती वाट इथे देमाचीला संपते. सुमारे ७० किलोमीटरची वाट. आमच्या लेकीची वाट त्यामानानं चार पावलांची. पण ओझं वाहायचं आणि ते नीट पोचवायचं, हे काम तेच.

दिशा

क्योटो बाराशे वर्षांपूर्वी पटावर आखल्यासारखं उभं-आडवं आखलं गेलं. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत, दक्षिण मोकळी. पूर्वेच्या डोंगरावर झाडं काढून 'मोठा' या अर्थाचं एक प्रचंड अक्षर कोरलं आहे. दर १६ ऑगस्टला रात्री त्या अक्षरावर आगी पेटवतात. एरवीही संगमावर उभं राहिलं की ते डोळ्यांत भरतं. कामो नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते.

लेकीला आम्ही फोन दिला नाही, या तीन खुणा दिल्या. डोंगरावरचं अक्षर दिसतं ती पूर्व. पाणी जातं ती दक्षिण. बाजाराचं छत म्हणजे आपण घराजवळ आलो. फोनवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालणाऱ्या मुलाला रस्ता सापडतो, पण गाव कळत नाही. तिसऱ्या दिवशी आजीला संगमावर घेऊन जाताना लेक पुढे चालत होती आणि आम्ही तिच्या मागे.

काम खरं हवं

पिशवीत आधीच दूध असताना मुलाला "जा, दूध आण" म्हणून पाठवू नये. मुलांना ते लगेच कळतं. सासूबाई आमच्याबरोबर होत्या आणि चार वाजता त्यांना दुधाचा चहा लागतो. दूध संपलं होतं. बाबा धुतलेले कपडे वाळत घालत होते, मी रात्रीच्या भाताचं बघत होते. घरात मोकळं माणूस एकच होतं आणि ते नऊ वर्षांचं होतं.

"आजी, मी आणू?"

"आण गं बाई, पण जपून."

ही परवानगी आजीनं दिली, आम्ही नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिच्या चहासाठी कुणीतरी जात होतं. परतल्यावर तो चहा प्रत्यक्ष उकळला, कपात ओतला गेला, प्यायला गेला. आपण आणलेल्या वस्तूमुळे घरातलं एक काम पुढे सरकलं, हे मुलाला डोळ्यांनी दिसायला हवं.

आधीची तयारी

दोनदा वाट एकत्र चालायची. पहिल्यांदा आपण पुढे, दुसऱ्यांदा मूल पुढे आणि आपण गप्प.

खिशात एक जाड कागद: घराचा पत्ता जपानी लिपीत, आमचा फोन क्रमांक देशाच्या आकड्यासह, मुलीचं नाव. घरमालकीणबाईंकडून पत्ता लिहून घेतला, त्यामुळे अक्षर स्वच्छ होतं.

तिथले दोन आकडे तोंडपाठ: पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९. युरोपात ११२. आपल्याकडेही ११२, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. आपल्या मुलांना आपले आकडे येतात का, हे प्रवासाच्या आधीच पाहून घ्यावं.

चौकातली पोलीस चौकी दाखवून ठेवायची. जपानमध्ये ती 'कोबान' नावानं ओळखली जाते. छोटीशी खोली, भिंतीवर वस्तीचा नकाशा. लोक तिथे पत्ता विचारायलाही जातात. पोलिसाची भीती घालून मुलांना गप्प करायची आपल्याकडची सवय अशा वेळी महागात पडते. चुकलेल्या मुलानं ज्याच्याकडे धावत जावं, त्याचीच भीती आपण घातलेली असते.

वेळ उजेडाची. परत यायची वेळ घड्याळातल्या काट्यानं सांगायची, "लवकर ये" असं म्हणायचं नाही.

नाणी

जपानी नाणी सहा: १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० येनची. ५ आणि ५० च्या मध्ये भोक असतं. १ चं नाणं ॲल्युमिनियमचं, इतकं हलकं की हातात आहे असं वाटत नाही. लेकीनं पहिल्या संध्याकाळी ती सगळी चटईवर मांडली आणि डोळे मिटून नुसत्या स्पर्शानं ओळखायचा खेळ केला. आजीही त्यात बसली.

हल्ली मुलांच्या हातात सुटे पैसे येतच नाहीत. मोठे फोन पुढे करतात, आवाज येतो, व्यवहार संपतो. मोजून देणं, उरलेले परत घेणं, ते बरोबर आहेत का पाहणं हे सगळं मुलांच्या नजरेआड गेलं आहे. परदेशात नाणी नवीन असल्यामुळे आईबाबांनाही ती नीट बघून मोजावी लागतात. तिथे सगळं कुटुंब एकाच इयत्तेत बसतं.

खाद्यपदार्थांवर तिथे ८ टक्के कर, इतर बहुतेक वस्तूंवर १०. ऑक्टोबर २०१९ पासून ही वाटणी आहे. शेल्फवर पुष्कळदा दोन किमती लिहिलेल्या असतात, कराआधीची आणि करासकट. द्यायची ती मोठी. हे सांगून ठेवलं नाही तर गल्ल्यावर दहा-वीस येन कमी पडतात.

तबक

पैसे हातात द्यायचे नाहीत. गल्ल्यावर एक लहान तबक असतं, त्यात ठेवायचे. दुकानदार त्यातून उचलतो, मोजतो, उरलेले मोठ्यानं सांगून परत देतो. बऱ्याच मोठ्या दुकानांत आता माणूस फक्त माल मोजतो आणि पैसे शेजारच्या यंत्रात टाकायचे असतात.

लहान मुलाला तबकाचा मोठा उपयोग. पैसे सगळ्यांसमोर, उजेडात, थांबून मोजले जातात. घाई नाही. मागे उभी असलेली माणसंही मूल नाणी लावत असताना शांत उभी राहिली, असं लेकीनं सांगितलं. "मागचे आजोबा नुसते बघत होते, काही बोलले नाहीत." मूल एकटं बाहेर पडू शकतं ते अशा अनेक लोकांच्या जोरावर, जे काही करत नाहीत, फक्त थांबतात.

गल्ल्यावरचे प्रश्न

जुलै २०२० पासून जपानमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात. त्यामुळे गल्ल्यावर हमखास विचारतात, पिशवी हवी का. लेकीकडे कापडी पिशवी होती. ती उचलून दाखवायची, एवढं ठरलं होतं. उरलेल्या कुठल्याही प्रश्नाला मान हलवून "दाइजोबु" म्हणायचं, म्हणजे काही नको, ठीक आहे. आणि "आरिगातो", म्हणजे धन्यवाद, म्हटल्याशिवाय निघायचं नाही.

भाषा येत नसलेल्या देशात मुलाला सोडण्याची आपल्याला भीती वाटते. मला वाटतं, छोट्या खरेदीला भाषा कमी लागते आणि रीत जास्त लागते. रीत दोन दिवस पाहून शिकता येते.

पाव

दुसरं सोपं काम म्हणजे सकाळचा पाव. क्योटोकरांना पाव फार प्रिय. वस्तीवस्तीत बेकऱ्या आहेत. दारात तबक आणि चिमटा उचलायचा, हवं ते चिमट्यानं तबकात घ्यायचं, गल्ल्यावर ठेवायचं. एक शब्दही बोलावा लागत नाही. फक्त मासमच्छी न खाणाऱ्या घरानं आत सारण असलेले पाव टाळायचे, हे आधी ठरवावं. आजीसाठी साधा जाड पाव, स्वतःसाठी एक गोड, बाबांना काय आवडेल ते तिनं ठरवायचं. दुसऱ्यासाठी निवड करायची म्हणजे त्या माणसाला आठवावं लागतं.

उजवी-डावी

जपान, थायलंड, सिंगापूर, श्रीलंका, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन: इथे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. दुबई, व्हिएतनाम, अमेरिका आणि युरोपचा बहुतेक भाग: उजवीकडून. आपलं मूल सवयीनं आधी उजवीकडे बघतं. पॅरिसमध्ये किंवा दुबईत गाडी त्याच्या डावीकडून येते. मोठी माणसंही तिथे फसतात. लंडनमध्ये बाहेरून आलेल्यांसाठी रस्त्यावरच लिहून ठेवलं आहे की कुठे पाहायचं.

म्हणून माझा नियम: जिथे वाहतूक उलटी, तिथे रस्ता ओलांडण्याचं काम मुलाला एकट्याला नाही. इमारतीच्या खालचं दुकान, हॉटेलच्या अंगणातलं टपालपेटीचं काम, एवढंच. सवय मेंदूत फार खोल बसलेली असते आणि मुलाच्या हुशारीशी तिचा संबंध नाही.

पुस्तक आणि कार्यक्रम

मुलानं एकट्यानं काही आणायला जाण्यावर जपानमध्ये सर्वांना ठाऊक असलेलं एक चित्रपुस्तक आहे: 'हाजिमेते नो ओत्सुकाई', म्हणजे पहिल्यांदाच काही आणायला जाणं. लेखिका योरिको त्सुत्सुई, चित्रं अकिको हायाशी यांची. १९७० च्या दशकातलं. पाच वर्षांची मुलगी बाळासाठी दूध आणायला जाते. वाटेत पडते, नाणी हातातून सुटतात, दुकानात तिचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. त्याच नावाचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम १९९१ पासून दाखवला जातो. २०२२ मध्ये तो नेटफ्लिक्समुळे जगभर पोचला.

कार्यक्रम पाहून लोकांना वाटतं, जपानी माणसं दोन-तीन वर्षांच्या मुलांना रस्त्यावर सोडतात. तसं नाही. तिथे कॅमेऱ्यावाली माणसं वेषांतर करून आसपास असतात, वाट आधी तपासलेली असते. पण पुस्तक मात्र खरं आहे. त्यात मुलीला सर्वांत कठीण जातं ते मोठ्यांदा बोलणं. आमच्या लेकीलाही तेच कठीण गेलं. रस्ता नव्हे, पैसे नव्हेत. दुकानात शिरल्यावर "सुमिमासेन", म्हणजे "जरा ऐका हो", असं ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणणं. घरात ती केवढ्या मोठ्यानं बोलते! परक्यासमोर स्वतःचा आवाज काढणं हे वेगळंच शिक्षण आहे आणि ते आई शेजारी उभी असताना होत नाही, कारण आई मध्येच बोलते.

वाट पाहताना

मागोमाग जायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. लपून मागे गेलो आणि तिला दिसलो, तर तिला कळेल की आमचा विश्वास खोटा होता. तिच्या बाबांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, दिसेल असं, आणि तिथून पुढे नाही. ठरलेली वेळ टळली तर मग बाजारात जायचं. हेही तिला सांगितलेलं होतं. तिलाही कळायला हवं की उशीर झाला तर कुणीतरी येणार आहे.

ती मिनिटं कठीण असतात. मी ती सहन करायला शिकले, कारण त्या मिनिटांत माझ्या मनात येणाऱ्या बहुतेक शंका तिच्याबद्दल नव्हत्या, जगाबद्दल होत्या. त्यांची उत्तरं मला रस्ता पाहून द्यायची होती. तो मी दोनदा चालून पाहिला होता.

परत आल्यावर

टाळ्या वाजवायच्या नाहीत. फोटो काढायचा नाही. "उरलेले किती आले?" एवढं विचारायचं आणि चहा टाकायचा.

फार कौतुक केलं की काम मागे पडतं आणि मूल कौतुकासाठी जायला लागतं. आजीनं दुधाचं खोकं हातात घेतलं, खाच चाचपली आणि म्हणाली, "बरोबर आणलंस." तेवढं बोलणं पुरेसं होतं. लेक दुसऱ्या दिवशी न सांगता पिशवी घेऊन उभी राहिली.

आजीचं बालपण

सासूबाईंचं लहानपण वाईतलं. दळण गिरणीत टाकायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं, वाण्याकडून उधारीच्या वहीत लिहून गूळ आणायचा, घाटावरून येताना देवळात फूल ठेवायचं. सहा-सात वर्षांच्या मुली ही कामं करत. "आम्हांला कोण पाठवायचं? कामं होती म्हणून जायचो," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत सगळे ओळखीचे. जोश्यांच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारायचंच, कुठे चाललीस गं म्हणून."

ती हाक महत्त्वाची. तिला आज कुणी टेहळणी म्हणेल, पण मुलीच्या दृष्टीनं ते संरक्षण होतं, आणि त्यात माया होती. क्योटोत तसं हाक मारणारं आमचं कुणी नव्हतं. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाजीवाल्या बाई लेकीला पाहून मान लववू लागल्या.

गाडी कुठे लावायची

जपानच्या गल्ल्या अरुंद आहेत, पदपथ कित्येक ठिकाणी नाहीतच. तरी मुलं निर्धास्त चालतात. एक मोठं कारण १९६२ च्या कायद्यात आहे. मोटार घ्यायची तर ती लावायला रस्त्याबाहेर जागा आहे, असा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. जागा नाही तर नोंदणी नाही. लहान आकाराच्या गाड्यांना काही भागांत वेगळे नियम आहेत, पण मूळ तत्त्व पक्कं. त्यामुळे गल्लीच्या दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा नसतात. मुलाला गाडी दिसते, आणि चालवणाऱ्याला मूल दिसतं.

नऊ वर्षांच्या मुलीची उंची उभ्या गाडीच्या काचेएवढीच असते. आपल्याकडे दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्ता ओलांडताना ती कुणालाच दिसत नाही.

हिरव्या गणवेशातल्या बायका

जपान पूर्वीपासून असाच सुरक्षित होता, असं नाही. मोटारी वाढल्या तेव्हा तिथे रस्त्यावर इतकी माणसं मरू लागली की लोक त्याला 'वाहतूक युद्ध' म्हणत. १९७० मध्ये अपघातानंतर २४ तासांत दगावलेल्यांची संख्या १६,७६५ होती. २०२३ मध्ये ती २,६७८ झाली.

मोटारी वाढू लागल्यापासून पुष्कळ गोष्टी केल्या गेल्या. १९५९ मध्ये टोकियोत शाळेच्या वाटेवर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बायका नेमल्या गेल्या. त्यांचा गणवेश हिरवा. दुसऱ्या महायुद्धात नवरा गमावलेल्या बायकांना रोजगार मिळावा, हाही हेतू त्यामागे होता. पुढे अनेक ठिकाणी हे काम पालक आणि वस्तीतले म्हातारे स्वतः पाळीनं करू लागले. पहिलीतल्या मुलांना पिवळी टोपी. वस्तीतली मुलं मोठ्यांच्या मागे रांगेनं शाळेत. दुकानांच्या दारांवर चिकटपट्टी: अडचणीत असलास तर आत ये. कित्येक गावांत संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून एक सूर वाजतो. भूकंप-वादळाच्या सूचनांची यंत्रणा चालू आहे ना, हे त्यानं तपासलं जातं, आणि खेळणाऱ्या मुलांना घरी जायची वेळही कळते.

प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून, वर्षानुवर्षं न कंटाळता केली आहे. आमची लेक एकटी गेली, असं मी म्हणते खरी, पण तिच्या वाटेवर या सगळ्यांचे श्रम अंथरलेले होते.

कोपऱ्यावरचा देव

क्योटोच्या गल्ल्यांत कोपऱ्याकोपऱ्यावर जिझोची छोटी देवळी असते. दगडी मूर्ती, गळ्यात लाल कापड, समोर फुलं. जिझो प्रवाशांचा आणि मुलांचा रक्षक. ऑगस्टच्या अखेरीस, २४ तारखेच्या आसपास, गल्लीतली मोठी माणसं देवळी सजवतात आणि मुलांना जमवून खाऊ, खेळ, गोष्टी असा दिवस साजरा करतात. मुलं गल्लीची आहेत, हे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मान्य होतं.

भीतीबद्दल

मुलगी आहे म्हणून भीती जास्त. ती मी टाळत नाही. जपानमध्येही मुलांवर गुन्हे होतात, आणि तिथले लोक ते विसरत नाहीत. म्हणूनच दप्तराला ओढली की किंचाळणारी घंटा टांगलेली असते. पोलीस मुलांना पाच गोष्टी पाठ करायला लावतात: अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं, लगेच पळायचं, आणि मोठ्यांना सांगायचं.

हे पाच नियम आम्हीही पाठ केले, आणि एक आपला जोडला: कुणी मोठा माणूस तुझ्याकडे मदत मागत असेल तर "आईला विचारते" म्हणून निघून यायचं. मोठ्यांना मदत हवी असेल तर ते मोठ्यांकडे मागतात.

भीती मुलाला कळू द्यावी, पण कृतीच्या रूपात. "बाहेर वाईट माणसं आहेत" या वाक्यानं मूल घाबरतं आणि त्याला काय करायचं ते कळत नाही. "असं झालं तर असं कर" या वाक्यानं त्याच्या हातात काहीतरी येतं.

कुठे नको

गर्दीची देवळं, मोठी स्टेशनं, समुद्रकिनारा, पाण्याचा कुठलाही काठ, अंधार, पहिला दिवस. जिथे आपण स्वतः अजून वाट विचारतो आहोत तिथे मुलाला पाठवण्यात अर्थ नाही. आणि ज्या मुलाला जायचं नाही त्याला तर मुळीच नाही. धीट मुलाची गोष्ट सांगून दुसऱ्या मुलाला लाजवू नये.

देशोदेशीचे कायदे

प्रवासाला जाण्याआधी तिथले कायदे बघावेतच. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला पुरेशा देखरेखीशिवाय सोडणं गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक. यूटा राज्यानं २०१८ मध्ये कायद्यानंच स्पष्ट केलं की समज आलेल्या मुलाला एकट्यानं शाळेत, दुकानात, मैदानावर जाऊ देणं म्हणजे हेळसांड नव्हे. २०१५ मध्ये लंडनच्या एका संशोधन संस्थेनं १६ देशांतल्या मुलांच्या एकट्यानं फिरण्याच्या मुभेची तुलना प्रसिद्ध केली, त्यात फिनलंड पहिला आला.

त्याच संस्थेनं इंग्लंडचा जुना हिशेब मांडला होता. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के. एका पिढीत रस्ता मुलांच्या हातून गेला. तो कुणी हिसकावून घेतला नाही, प्रत्येक घरानं आपापल्या काळजीपोटी आपलं मूल आत घेतलं. बाहेर जितकी मुलं कमी, तितकं उरलेल्या मुलांना धोका जास्त.

सैतामा

टोकियोशेजारच्या सैतामा प्रांतात ऑक्टोबर २०२३ मध्ये एक प्रस्ताव आला: तिसरीपर्यंतच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय ठेवायला बंदी. मुलाला एकट्याला दुकानात पाठवणं, मुलांनी आपापसांत बागेत खेळणं, हेही त्यात आलं असतं. पालक खवळले. दोघं नोकरी करतात, घरात आजी नाही, मग मुलानं घरी यायचं कसं? विरोध इतका तीव्र होता की काही दिवसांतच प्रस्ताव मागे घेतला गेला.

म्हणजे ज्या देशाचं आपण कौतुक करतो तिथेही हे स्वातंत्र्य कायमचं मिळालेलं नाही. ते दर पिढीला सांभाळावं लागतं, आणि सांभाळलं ते आईबापांनी बोलून.

इथे, घरी

परतल्यावर लेकीनं पहिल्याच रविवारी पिशवी काढली. "दूध आणू?" आमच्या पुण्यातल्या सोसायटीपासून डेअरी क्योटोतल्या बाजारापेक्षा जवळ आहे. मध्ये एक रस्ता आहे. मी "हो" म्हणू शकले नाही.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. हे आकडे सरकारचेच आहेत. माझ्या नकाराचं कारण माझ्या मुलीत नाही आणि माझ्या स्वभावातही नाही. ते त्या रस्त्यात आहे. आणि रस्ता बदलता येतो, हे १९७० आणि २०२३ चे जपानी आकडे सांगतात.

दहा मिनिटांत दूध दारात आणून देणारी सेवा आहे, मग कशाला? कारण त्या सेवेनं दूध मिळतं, पण मुलीला तिची गल्ली मिळत नाही. आणि ते दूध आणणारा मुलगाही त्याच रस्त्यानं जीव मुठीत धरून येतो.

काय करता येईल

सोसायटीच्या बैठकीत आम्ही चार घरांनी मिळून मांडलं, ते इथे लिहून ठेवते. ज्यांना उपयोगी वाटेल त्यांनी घ्यावं.

डेअरी, वाणी आणि औषधांचं दुकान या तिघांशी बोलायचं: आमची मुलं येतील, ओळख ठेवा, अडचण दिसली तर फोन करा. तिघंही लगेच "हो" म्हणाले. डेअरीवाले काका म्हणाले, "पूर्वी यायचीच की मुलं."

सकाळी साडेसात ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सहा, ओलांडायच्या जागी दोन मोठी माणसं पाळीनं उभी. निवृत्त मंडळींनी नावं दिली, सासूबाईंचं नाव पहिलं.

कोपऱ्यावरच्या वीस फुटांत कुणीही गाडी लावायची नाही. ही मागणी वॉर्ड कार्यालयात लेखी दिली आहे, गतिरोधक आणि पट्ट्यांच्या मागणीसह. पुणे महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळते. एक दिवस, एक रस्ता मोकळा होऊ शकतो, तर एक कोपरा रोज मोकळा राहू शकतो. पाठपुरावा आम्ही करणार आहोत.

मुलं सुरुवातीला जोडीनं जातील. मोठ्यांच्या मागे लहान.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. लागतात ती थांबायला तयार असलेली माणसं. तुमच्या गल्लीत अशी चार घरं असतील तर पहिली बैठक या आठवड्यातच घ्या, आणि त्या बैठकीला मुलांनाही बोलवा. वाटेत त्यांना नेमकं कुठे अडतं, ते तीच सांगू शकतील.